कावडीतली गंगा आणि जमिनीखालची काशी

एकनाथांच्या चरित्रातील एक प्रसंग मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात आहे. गंगेच्या पाण्याची कावड रामेश्वरी न्यावयाची, देवाला अभिषेक करावयाचा आणि यात्रा पुरी करावयाची, हा संकल्प. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसते आणि नाथ कावडीतले पाणी त्याच्या मुखात ओततात. या कथेचा नैतिक आशय आपण सारे जाणतो; त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते कथेतील एका गृहीताकडे. काशीचे पाणी म्हणजे गंगा, आणि ते वाहून नेण्याचे, जपण्याचे, अर्पण करण्याचे पाणी आहे, हे कथा धरून चालते. ते पिण्याचे ठरते त्या क्षणीच कथा घडते.

काशीशी मराठीचे नाते असे कावडीच्या दोरीने बांधलेले आहे. नाथांनी आपले ‘भागवत’ १५७३ मध्ये काशीतच पुरे केले. पुढे विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतून वाट काढीत वृद्ध मातापित्यांसाठी गंगेची कावड वरसईला आणली. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या वृत्तांतातील साऱ्या संकटांना त्या कावडीने एक शेवट दिला. परंतु या नात्याने एक प्रश्न मात्र आपल्याला कधी विचारू दिला नाही. यात्रेकरू गंगा घेऊन परत गेला. काशीत राहणारा माणूस कोणते पाणी पीत होता?

प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटेल. ज्या नगराच्या पायाशी गंगा वाहते त्याला पाण्याची काय वाण? वस्तुतः नगराच्या भूरचनेकडे पाहिले की त्यातील अडचण ध्यानात येते. गंगा येथे उत्तरवाहिनी होते आणि नगर तिच्या पश्चिम तीरावर, चुनखडीच्या गोट्यांनी घट्ट झालेल्या एका उंच कण्यावर वसले आहे. या कण्यामुळेच नदी नगराला खाऊन टाकू शकली नाही. आणि त्याच्यामुळेच नदी नगराला सहज हातीही लागली नाही. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात तेच पाणी कितीतरी मीटर खाली उतरलेले असते. म्हणजे वर्षाचे काही महिने नदी फार खोल, काही महिने फार गढूळ आणि काही दिवस दारात. अशा नदीवर श्रद्धा ठेवता येते, तिच्यात स्नान करता येते. पण रोजच्या घागरीसाठी तिच्यावर सर्वस्वी विसंबून राहणे कठीण असते. वरच्या वस्तीतल्या माणसाला पाणी दुसरीकडे शोधावे लागले. ते त्याने पायाखाली शोधले.

याचा पहिला पुरावा योगायोगाने हाती आला. गंगेवरचा लोहमार्गाचा पूल १८८७ मध्ये खुला झाला आणि नगराच्या उत्तर टोकाला, वरणा व गंगा यांच्या संगमाजवळच्या राजघाटाच्या पठारावर रेल्वेची वर्दळ सुरू झाली. १९४० मध्ये तेथील काशी स्थानकाच्या विस्तारासाठी माती उपसली जात असता मातीच्या मुद्रा, मृण्मूर्ती, मणी आणि भिंतींचे अवशेष मोठ्या संख्येने वर आले. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या वतीने कृष्णदेव यांनी त्याच वर्षी तेथे मर्यादित उत्खनन केले. सापडलेल्या वस्तूंपैकी बराच भाग राय कृष्णदास यांनी उभारलेल्या भारत कला भवनाच्या संग्रहात गेला आणि वासुदेवशरण अग्रवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या मृण्मूर्तींना कलेतिहासात स्थान मिळवून दिले. मुद्रांपैकी काहींवर अविमुक्तेश्वराचे नाव होते. गुप्तकाळातील या लहानशा मातीच्या गोळ्यांनी काशीच्या धार्मिक इतिहासाला पोथीबाहेरचा आधार दिला.

पद्धतशीर उत्खनन मात्र काशी हिंदू विश्वविद्यालयाने केले. प्रा. अ. कि. नारायण यांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८ मध्ये सुरू झालेले हे काम अधूनमधून खंडित होत १९६९-७० पर्यंत चालले. राजघाटाच्या मातीत सहा कालखंडांचे थर एकावर एक आढळले. सर्वांत खालचा थर इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या आसपासचा. सर्वांत वरचा सतराव्या शतकापर्यंत येणारा. पहिल्याच कालखंडात नदीकडच्या बाजूला चिकणमातीचा एक भक्कम बांध आढळला. नगराने नदीशी पहिला व्यवहार केला तो तिला अडविण्याचा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्यानंतरच्या, उत्तरेकडील काळ्या झिलईदार मृद्भांड्यांच्या उत्तरार्धातील थरांत आणि पुढेही, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळू लागतात.

या कडेविहिरींविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कारण काशीच्या पाण्याचा इतिहास त्यांच्यापासून उलगडतो. गंगेच्या खोऱ्यातील माती मऊ असते. तीत खड्डा खणला तर पावसाळ्यात त्याच्या कडा ढासळतात. म्हणून कुंभार वर्तुळाकार कडी घडवून भाजत. खणलेल्या खड्ड्यात ती एकावर एक रचली जात आणि बाहेरच्या फटीत खापऱ्या व माती ठासली जाई. दगडाशिवाय, विटेशिवाय, केवळ कुंभाराच्या चाकावर आणि भट्टीवर विहीर उभी राहत असे. मात्र अशा प्रत्येक रचनेला विहीर म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काही रचना इतक्या उथळ असतात की त्या पाण्याच्या झऱ्यापर्यंत पोहोचल्याच नसतील. त्यांत राख, खापऱ्या आणि कुजलेल्या पदार्थांची हिरवट माती आढळते. हे शोषखड्डे होत. ज्या खोल जाऊन पाण्याला भिडतात त्या खऱ्या विहिरी. तात्पर्य, एकाच कारागिरीने नगर पाणी वर काढीतही होते आणि घाण खाली मुरवीतही होते. या दोन्ही क्रिया एकाच जमिनीत, कधी कधी थोड्याच अंतरावर चालत, ही या व्यवस्थेची सोय होती आणि तिचा धोकाही तोच होता. पुढच्या अडीच हजार वर्षांच्या काशीचे भाग्य या एका वाक्यात सामावले आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

अलीकडच्या संशोधनाने हा प्रश्न आणखी मागे नेला आहे. वरणेच्या पलीकडे, सारनाथच्या वाटेवर अकथा नावाचे गाव आहे. तेथे विदुला जायसवाल यांनी २००२ पासून केलेल्या उत्खननात राजघाटाहूनही जुनी, इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जाणारी वस्ती आढळली. ही वस्ती गंगेच्या काठी नाही; नरोखर नावाच्या एका क्षुद्र नाल्याच्या काठी आहे. ज्या परिसराला आपण गंगेचे नगर म्हणतो त्याची सर्वांत जुनी ज्ञात चूल एका अनाम वाटाव्या अशा ओहोळाजवळ पेटली होती. हाती पेलवेल असे पाणी माणसाने आधी निवडले. महानदीचे माहात्म्य नंतर आले.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. इराणच्या पठारावरील प्राचीन नगरांचे पाणी दुरून येत असे. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून तेथून जमिनीखालून कित्येक कोस बोगदा काढावयाचा आणि उताराने पाणी नगरात आणावयाचे, ही तेथील कनातीची पद्धत. पर्सिपोलिसचा भव्य चौथरा रचताना खडकात पाण्याच्या निचऱ्याचे मार्ग आधी कोरलेले होते. ही विद्या महाराष्ट्राला अपरिचित नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, जी नहर काढली ती याच परंपरेतली. अशा व्यवस्थेला एक आखणारा लागतो, एक सत्ता लागते आणि वाटपाचे नियम लागतात. बोगदा एका जागी फुटला तर सारे नगर तहानेले राहते. म्हणून तेथे पाण्याचा इतिहास बहुधा राजाचा इतिहास होतो.

काशीत असे कधी घडले नाही. तिच्या पायाखाली सर्वत्र पाणी होते. ज्याने खणले त्याला ते मिळाले. वाड्याच्या चौकात विहीर, मठाच्या आवारात विहीर, देवळाजवळ कुंड. नगराचे पाणी शेकडो हातांत विखुरलेले होते. त्याला राजाज्ञेची गरज नव्हती. कुंभार, खणणारा आणि दाता एवढ्यांची गरज होती. आणि जेथे राजा नसतो तेथे पाण्याचे रक्षण करण्यासाठी समाज दुसरी एक शक्ती उभी करतो. ती शक्ती म्हणजे कथा.

बाराव्या शतकात गाहडवाल राजा गोविंदचंद्र याचा मंत्री लक्ष्मीधर याने ‘कृत्यकल्पतरू’ हा धर्मनिबंध रचला. त्यातील तीर्थविवेचनकांड वाचताना आजच्या वाचकाला एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. तेथील काशी पायऱ्यांच्या घाटांची नाही. ती लिंगांची, आणि लिंगांशेजारच्या कूपांची, ह्रदांची व कुंडांची काशी आहे. अमुक देवाच्या अमुक दिशेला अमुक कूप, तेथे स्नान करावे, असा तिचा नकाशा आहे. गाहडवालांच्या ताम्रपटांतही गंगास्नानानंतर दिलेल्या दानांबरोबर लोलार्कासारख्या स्थानाचा उल्लेख येतो. हे लोलार्ककुंड आजही खोल पायऱ्यांनी जमिनीच्या पोटात उतरत जाते.

त्यानंतरच्या ‘काशीखंडा’त दोन कथा आहेत. मणिकर्णिकेचे कुंड विष्णूने आपल्या चक्राने खणले आणि तपश्चर्येच्या घामाने भरले. म्हणून ती चक्रपुष्करिणी. ज्ञानवापीची विहीर ईशानाने त्रिशूळाने खणली आणि त्या पाण्याने लिंगाला स्नान घातले. या दोन्ही कथांत एक तपशील समान आहे, आणि तो सहसा कोणी अधोरेखित करीत नाही: हे खणणे गंगा पृथ्वीवर येण्यापूर्वीचे आहे. भगीरथ पुढे गंगा आणतो तेव्हा ती आधीच पावन झालेल्या पाण्याला येऊन मिळते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. पुराणकथा म्हणजे उत्खननाचा अहवाल नव्हे. चक्राने खणलेले कुंड आणि राजघाटची कडेविहीर यांना एका सुतात ओवून ‘पुराणाला स्मरण होते’ असे म्हणणे ही भावनेची चूक होईल. कथा काळ सांगत नाही. ती क्रम सांगते, आणि तो क्रम महत्त्वाचा असतो. ज्या समाजाने गंगेला सर्वश्रेष्ठ तीर्थ मानले त्यानेच आपल्या विहिरीला गंगेची थोरली बहीण मानले, आणि ती खणण्याचे श्रम देवाच्या हातांना दिले, एवढे मात्र या कथा निःसंशय सांगतात. देवाने घाम गाळून खणलेल्या विहिरीत कोणी सहजासहजी केरकचरा टाकीत नाही. काशीच्या जलव्यवस्थेचे नियमपुस्तक कोणते, असे विचारले तर ‘काशीखंड’ हे त्याचे एक उत्तर आहे.

या खणलेल्या पाण्याला जोड होती ती तळ्यांची. आजची सलग, दाट वस्ती पाहून कल्पना येणार नाही, पण जुन्या काशीच्या मध्यभागी मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया अशी सरोवरे होती आणि पावसाळ्यात ती नाल्यांनी एकमेकांशी व नदीशी जोडली जात. पूर मोठा आला म्हणजे गंगेचे पाणी वरणेतून उलटे वळून मत्स्योदरीत शिरे आणि नगर जणू जलवेढ्यात सापडे. परंपरेने या आपत्तीला मत्स्योदरीयोग म्हटले व त्या दिवशीचे स्नान दुर्मिळ पुण्याचे मानले. पुराचे पाणी मावून घेणारी आणि पुढे सावकाश जमिनीत मुरवून विहिरींना पुरवठा करणारी ही तळी होती. नगराची पाण्याची पेढीच ती.

ही पेढी मोडली ती एका विद्वानाच्या हातून. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होता. ब्राह्मी लिपीचे वाचन करून अशोकाला पुन्हा बोलते करणारा हाच तो प्रिन्सेप. १८२२ मध्ये त्याने नगराची मोजणी करून नकाशा सिद्ध केला. काशीची जी तळी आज आपल्याला ठाऊक आहेत त्यांचे स्थान निश्चित करावयाचे तर याच नकाशाकडे जावे लागते. आणि त्याच दशकात, साचलेले पाणी रोगट असते या तत्कालीन समजुतीनुसार, त्याने जमिनीखालून बोगदा काढून मत्स्योदरीचे पाणी गंगेत सोडले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे बागा, बाजार आणि रस्ते आले. मच्छोदरी आज एका उद्यानाचे नाव आहे आणि मंदाकिनी मैदागिन या नावाने चौकात उरली आहे. प्रिन्सेपला दोष देणे सोपे आहे. पण तो नगराचा शत्रू नव्हता. त्याने जे पाहिले ते नोंदवून ठेवले आणि जे नोंदविले तेच बुजविले. आधुनिक ज्ञानाची ही दुहेरी करणी आपल्याला पुढेही अनेकदा भेटते.

आता मराठ्यांकडे वळले पाहिजे. कारण या इतिहासात आपण केवळ प्रेक्षक नाही. आज जगाला परिचित असलेला काशीचा दगडी नदीमुख चेहरा मुख्यतः अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात घडला, आणि तो घडविणाऱ्यांत मराठी नावे अग्रभागी आहेत. पेशवे, होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले, आणि नारायण दीक्षित पाटणकरांसारखे विद्वान यांनी घाट बांधले. अहल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर उभे केले व मणिकर्णिका घाटाचे काम केले. या कर्तृत्वाचा अभिमान आपल्या इतिहासलेखनात भरपूर व्यक्त झाला आहे आणि तो अनाठायी नाही. परंतु त्या अभिमानाची एक किंमत होती. घाटांनी नगराचे तोंड नदीकडे वळविले. लक्ष्मीधराच्या काशीत यात्रिक विहिरीकडून विहिरीकडे फिरत असे. नव्या काशीत तो घाटावरून घाटावर चालू लागला. दगड उजेडात चमकला आणि कूप गल्लीच्या अंधारात राहिले.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की मराठी दात्यांना विहिरीचा विसर पडलेला नव्हता. लोलार्ककुंडाच्या जीर्णोद्धारात अहल्याबाईंचा वाटा आहे. बायजाबाई शिंदे यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप बांधला. त्याच बायजाबाईंनी पुढे १८३० च्या सुमारास बांधलेला भव्य शिंदे घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि त्याचे दगड नदीकडे कलले. एकाच स्त्रीने दिलेली ही दोन दाने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत: एक विहिरीवरची सावली, दुसरे नदीवरचे वैभव. आपल्या ग्रंथांतून दुसऱ्याचीच चर्चा अधिक झाली.

शेवटचा अंक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तळी गेली होती, वस्ती वाढली होती, शोषखड्डे आणि विहिरी यांतील जुने अंतर उरले नव्हते. पटकीच्या साथी वारंवार येत. नळाने पाणी द्यावयाचे ठरले. गंगेचे पाणी भदैनी येथे पंपाने उचलून, गाळून, घरोघर पोहोचवावयाचे. काशीच्या इतिहासात प्रथमच सर्व नगराचे पाणी एका यंत्राच्या, एका कार्यालयाच्या हाती जाणार होते. पंपगृहाच्या जागेत एक राममंदिर येत होते. ते पाडले जाणार या वार्तेने १५ एप्रिल १८९१ रोजी नगर पेटले. जमावाने पंपाच्या यंत्रसामग्रीची मोडतोड केली. तारघर आणि रेल्वे स्थानक यांवरही हल्ला झाला. धान्याची महागाई आणि नव्या कराची भीती ही या उद्रेकाची कारणे होती असे इतिहासकार सांगतात, आणि ते खरे आहे. तरीही एक प्रश्न उरतो. ज्या नगरात पाणी हे अडीच हजार वर्षे खणणाऱ्याचे, दात्याचे आणि कथेचे होते, तेथे ते कर भरणाऱ्याचे होणार, या बदलाची चाहूल त्या क्षोभात नव्हती काय? १८९२ मध्ये नळ सुरू झाले. पटकीपुढे हतबल झालेल्या नगराला त्यांची गरज होती, हे नाकारणे म्हणजे मेलेल्यांचा अपमान होय. परंतु नळ आला आणि विहिरीवरचा पहारा सुटला. ज्या पाण्याची रोज गरज नाही त्याची कथाही रोज सांगितली जात नाही.

१९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ वाराणसीतच झाला. नदीत जाणारे सांडपाणी अडविण्यावर तिचा रोख होता, आणि तो योग्यच होता. मात्र नदीची चिंता करणाऱ्या आपल्या युगाने बुजलेल्या कुंडांची चिंता त्या मानाने फार थोडी केली. पावसाचे पाणी जिरविणारी तळी व नदीत उतरणारी घाण हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत, हे राजघाटच्या कुंभाराला ठाऊक असावे. तो दोन्हींसाठी एकच कडे भाजीत होता.

राजघाटावर आज लालखानाच्या अठराव्या शतकातील मकबऱ्याच्या सभोवार उत्खननाच्या भिंती उघड्या पडलेल्या दिसतात. तेथे यात्रेकरू फारसे जात नाहीत. मराठी यात्रेकरू तर नाहीच. तो गोदौलियाच्या चौकातून दशाश्वमेधाकडे जातो. त्या वाटेखाली एके काळी पावसाळी पाण्याचा एक प्रवाह होता. पश्चिमेकडच्या तळ्यांचे पाणी घेऊन तो दशाश्वमेधाजवळ गंगेला मिळत असे. त्याचे नाव गोदावरी. गोदौलिया हे नाव तीवरूनच आले असे परंपरा मानते. पैठणच्या नाथांची नदी काशीत होती आणि ती रस्त्याखाली बुजली. गंगेची कावड खांद्यावर घेऊन परतणाऱ्या किती मराठी माणसांचे पाय त्या बुजलेल्या गोदावरीवर पडले असतील!

नाथांच्या कथेतील गाढवाला कोणत्या नदीचे पाणी मिळाले याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला तहान होती. नगरांचा इतिहास आपण देवालयांच्या आणि घाटांच्या अंगाने पुष्कळ लिहिला. तो तहानेच्या अंगाने लिहावयाचा राहिला आहे. त्यासाठी पोथी आणि फावडे ही दोन्ही साधने लागतील, आणि नदीवरून नजर काढून क्षणभर पायाखाली पाहावे लागेल.